कोकण पदवीधर मतदारसंघाची मतदानसेवा : ठाण्यातील एका मतदाराचे परीक्षण

विजेचे बिल चुकीचे आले किंवा पासपोर्ट वेळेत मिळाला, तर आपण त्याबद्दल चार लोकांना सांगतो आणि लिहितोही. निवडणूक यंत्रणा ही सुद्धा करांच्या पैशातून चालणारी सेवाच आहे, पण तिच्याकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही. या लेखात मी विधान परिषदेच्या कोकण विभाग पदवीधर मतदारसंघातील सेवेचे परीक्षण करते आहे. नाव नोंदवताना, मत देताना आणि त्या मताचे पुढे काय झाले हे समजून घेताना ठाण्यातल्या मतदाराला काय मिळते, एवढाच विषय आहे. कोणता पक्ष जिंकावा हा प्रश्न येथे नाही. माझे मत आधीच सांगते : ही सेवा मोजणीच्या टेबलावर उत्तम आहे आणि दारात अतिशय कमकुवत आहे. मतदारसंघाच्या मतदानाचा इतिहास पाहिला की तो कमकुवतपणा आकड्यांतच दिसतो.

ज्यांना हा मतदारसंघ नेमका काय आहे हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. त्यांपैकी ३० विधानसभेच्या आमदारांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांकडून, ७ पदवीधरांकडून आणि ७ शिक्षकांकडून निवडले जातात, तर १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. राज्यातल्या पदवीधरांच्या सात जागांपैकी एक कोकणाची आहे. तिच्यात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे येतात. मुंबई शहर आणि उपनगर यांचा मतदारसंघ वेगळा आहे. डहाणूपासून दोडामार्गापर्यंतच्या या पट्ट्याचे कामकाज मात्र आपल्या शेजारी, बेलापूरच्या कोकण भवनातून चालते, कारण विभागीय आयुक्त हेच मतदार नोंदणी अधिकारी आणि निवडणूक निर्णय अधिकारी असतात.

आता नोंदणी. विधानसभेच्या यादीत एकदा नाव गेले की ते सहसा राहते, पत्ता बदलला तरच धावपळ होते. पदवीधर मतदारसंघाचे तसे नाही. प्रत्येक निवडणुकीआधी यादी पूर्णपणे नव्याने तयार केली जाते आणि आधीच्या यादीतले नाव आपोआप पुढे येत नाही. सहा वर्षांपूर्वी रांगेत उभे राहून मत दिलेल्या माणसालाही पुन्हा नमुना १८ हा नोंदणीचा अर्ज भरावा लागतो, पुन्हा पदवी दाखवावी लागते आणि पुन्हा पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. अट अशी आहे की, अर्जदार त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा आणि १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी (ज्या तारखेला पात्रता मोजली जाते तिच्यापूर्वी) किमान तीन वर्षे तो भारतातील विद्यापीठाचा पदवीधर असावा. एकदा मिळालेली पदवी काही परत जात नाही. मग ती दर सहा वर्षांनी नव्याने का सिद्ध करायची, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. माणूस ठाण्यातून नाशिकला गेला असेल हे मान्य, पण त्यासाठी राहण्याचा पुरावा मागावा, पदवीचा नव्हे.

मागच्या खेपेची नोंदणी २०२३ च्या शरद ऋतूत सुरू झाली आणि वर्षअखेरीस अंतिम यादी लागली. त्यानंतरही उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरवणी नोंदणीची सोय होती, पण ती फार थोड्यांना माहीत होती. ऑनलाइन अर्जाची सोय ही या सेवेतली खरी सुधारणा म्हणावी लागेल, कारण नोकरी करणाऱ्या माणसाला कामाच्या दिवशी तहसील कार्यालय गाठणे हीच मोठी अडचण असते. तरीही कागद जोडताना जी अडवणूक होते, ती स्त्रियांना अधिक सोसावी लागते, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझी पदवी माहेरच्या नावाची आहे, आधार कार्ड आणि मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचे. अर्जासोबत नावबदलाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडली होती. तरीही आमच्या भागातल्या एका स्वीकृती केंद्रावर बसलेल्या कर्मचाऱ्याने गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर बोट फिरवले आणि शांतपणे सांगितले, ‘‘मॅडम, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.’’ विवाह प्रमाणपत्र त्याच गठ्ठ्यात, तिसऱ्या पानावर होते. ते काढून दाखवल्यावर त्यांनी अर्ज घेतला आणि पोचही दिली, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. दिवसभर शेकडो कागद तपासणाऱ्या माणसाकडून असे होऊ शकते. पण माझ्यामागे उभ्या असलेल्या काकूंकडे विवाह प्रमाणपत्रच नव्हते. त्यांच्या लग्नाची नोंद कधी झालेलीच नव्हती, आणि त्यांच्या पिढीत ते काही विशेष नाही. राजपत्रात नाव बदलून घ्या असे त्यांना सांगण्यात आले आणि त्या अर्ज परत घेऊन गेल्या. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बँकेत उभी हयात नोकरी केलेली बाई पदवीधरांच्या यादीबाहेर राहते, तेव्हा चूक त्या केंद्राची नसते, पद्धतीचीच असते. स्वयंघोषणापत्र आणि शिधापत्रिकेवरील नोंद एवढ्यावर हा प्रश्न सुटू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा परिणाम यादीच्या आकारावर होतो. २०११ च्या जनगणनेनुसार या पट्ट्याची लोकसंख्या १ कोटी ६१ लाखांच्या घरात होती, त्यात एकट्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची १ कोटी १० लाख. २०२४ च्या निवडणुकीसाठी नोंदलेले मतदार होते सुमारे २ लाख २३ हजार. म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येच्या हिशेबाने शंभरात दीड माणूससुद्धा नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर अशा शहरांत पदवी हातात नसलेले घर शोधावे लागेल, आणि तरीही संपूर्ण ठाणे जिल्ह्यातून यादीत आलेली नावे लाखाच्या आतच होती, सुमारे ९९ हजार. रायगडमध्ये ती ५४ हजार होती, पालघरमध्ये २९ हजारांच्या जवळपास, रत्नागिरीत साडेबावीस हजार आणि सिंधुदुर्गात साडेअठरा हजार. लोकसंख्येच्या मानाने तुलना केली तर सिंधुदुर्गाची नोंदणी ठाण्याच्या सुमारे पावणेदोन पट आहे. आठ-साडेआठ लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यातून साडेअठरा हजार नावे येतात आणि आपल्याकडे, जिथे प्रत्येक स्टेशनबाहेर झेरॉक्सचे दुकान आहे, तिथे लाखही भरत नाहीत, ही गोष्ट ठाणेकर म्हणून मला खटकते.

असे असले तरी, २०१८ च्या तुलनेत ही वाढ मोठी आहे हे मान्य करायला हवे. त्या वर्षी यादी एक लाखाच्या थोडी पुढे होती, म्हणजे सहा वर्षांत ती दुपटीहून मोठी झाली. ही वाढ कोणामुळे झाली, हे रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही दिसले असते : पक्षांच्या शाखांनी, शिक्षणसंस्थांनी आणि इच्छुक उमेदवारांनी घरोघरी अर्ज वाटले आणि गोळा केले. नियमानुसार एकगठ्ठा अर्ज स्वीकारता येत नाहीत. घरातला एक जण कुटुंबातल्या इतरांचे अर्ज देऊ शकतो आणि कार्यालयप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे पाठवू शकतो, एवढीच मुभा आहे. तरीही नोंदणीचा खरा भार पक्ष उचलतात आणि शासन उचलत नाही, याचा अर्थ ज्याच्या दारात कोणता पक्ष गेला नाही तो मतदार यादीत नसण्याची शक्यता अधिक. सेवा देणाऱ्याने आपले काम स्पर्धकांवर सोपवावे, असा हा प्रकार आहे आणि या परीक्षणात माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. नोंदणीला मी पाचपैकी दोन गुण देईन, तेही ऑनलाइन सोयीमुळे.

मतदारसंघाचा इतिहास कसा आहे, हे पाहिल्याशिवाय पुढच्या टप्प्यांबद्दल बोलता येणार नाही. ही जागा अनेक वर्षे भारतीय जनता पक्षाची हक्काची मानली जात असे. १९९४ पासून २००६ पर्यंत प्रा. अशोक मोडक येथून निवडून येत होते आणि त्यांच्यानंतर ठाण्याचे संजय केळकर आले, जे पुढे २०१४ पासून ठाणे शहराचे विधानसभेतील आमदार झाले. २०१२ मध्ये हा क्रम तुटला आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे निरंजन डावखरे विजयी झाले. त्यांचे वडील वसंत डावखरे हे ठाण्याच्या राजकारणातले जुने नाव, विधान परिषदेचे दीर्घकाळ उपसभापती. २०१८ च्या निवडणुकीच्या तोंडावर निरंजन डावखरे यांनी राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये प्रवेश केला आणि त्याच मतदारसंघातून पुन्हा उभे राहिले. समोर शिवसेनेकडून ठाण्याचे माजी महापौर संजय मोरे होते आणि राष्ट्रवादीकडून नजीब मुल्ला. तिन्ही उमेदवार ठाण्याचे, आणि राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष एकमेकांसमोर. ती लढत खऱ्या अर्थाने तिरंगी होती आणि डावखरे सुमारे आठ हजार मतांनी जिंकले.

२६ जून २०२४ रोजी मतदान झाले तेव्हा चित्र पालटलेले होते. मनसेने जाहीर केलेली उमेदवारी मागे घेतली, महाविकास आघाडीत ही जागा काँग्रेसकडे गेली आणि रत्नागिरीचे रमेश कीर उभे राहिले. १ जुलैला नेरुळच्या आगरी कोळी संस्कृती भवनात मोजणी झाली. डावखरे यांना १,००,७१९ आणि कीर यांना २८,५८५ मते मिळाली. एकाच माणसाने आधी एका पक्षातून आणि मग दुसऱ्या पक्षातून, सलग तीनदा ही जागा जिंकली, यातून मला एवढेच दिसते की येथे पक्षाइतकेच, कदाचित अधिकच, नोंदणीचे जाळे कामाला येते. ज्याने यादी बांधली त्याची अर्धी लढत मतदानाआधीच झालेली असते. यादी शासनाने स्वतः बांधली असती तर निकाल बदललाच असता असे मी म्हणत नाही. पण त्या निकालाचा अर्थ लावणे अधिक सोपे झाले असते.

आता मतदानाचा दिवस. हे मतदान यंत्रावर होत नाही, कागदी मतपत्रिकेवर होते. तिच्यावर उमेदवारांची नावे आणि छायाचित्रे असतात, चिन्ह नसते. मतपत्रिकेबरोबर केंद्रावरच जांभळ्या शाईचा स्केचपेन दिला जातो आणि फक्त त्यानेच लिहायचे असते. आवडत्या उमेदवाराच्या नावासमोर १ हा आकडा लिहायचा, त्यानंतर इच्छा असेल तर २, ३ असे पुढचे पसंतीक्रम द्यायचे. आकडा मराठीत, आंतरराष्ट्रीय अंकांत किंवा रोमन पद्धतीने चालतो, पण ‘एक’ असे अक्षरांत लिहिलेले चालत नाही. बरोबरची खूण, फुली, सही, आद्याक्षरे किंवा अंगठा यांपैकी काहीही आले की मत बाद होते. १ हा आकडा कोणासमोरच नसेल किंवा दोघांसमोर असेल, तरीही बाद.

आमच्या केंद्रावर, एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात, व्यवस्था नीट होती. यादीत नाव शोधण्यासाठी बाहेर मदत कक्ष होता, ज्येष्ठांसाठी खुर्च्या होत्या, पावसाळा असूनही प्रवेशद्वारापाशी पाणी साचलेले नव्हते. ओळखीसाठी मूळ पदवी प्रमाणपत्रही चालते, हे मात्र दारावरच्या पोलिसाला ठाऊक नव्हते आणि आतून अधिकारी येईपर्यंत एका तरुणाला थांबावे लागले. माझ्यासोबत आमच्या सोसायटीतले निवृत्त काका होते. त्यांनी मतदान अधिकाऱ्यांना विचारले, ‘‘दोन-तीन लिहिलं नाही तर मत बाद होतं का हो?’’ अधिकारी बाईंनी नम्रपणे उत्तर दिले, ‘‘नाही काका, नुसतं एक लिहिलंत तरी चालेल. फक्त याच पेनाने लिहा.’’ उत्तर अचूक होते आणि दोन वाक्यांत होते. हीच दोन वाक्ये प्रत्येक मतदाराला मतपत्रिका हातात देताना सांगितली गेली असती तर काय झाले असते, हे समजण्यासाठी पुढचा आकडा पाहावा.

२०२४ मध्ये १,४३,२९७ पदवीधरांनी मतदान केले. त्यांपैकी ११,२२६ मते अवैध ठरली. शंभरातली जवळपास आठ. विजयी आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार सोडून उरलेल्या सर्व उमेदवारांना मिळून २,७६७ मते पडली, म्हणजे बाद मते त्या सर्वांच्या बेरजेच्या चौपट होती. हे मतदार निरक्षर नव्हते, पदवी दाखवल्याशिवाय त्यांना यादीत प्रवेशच नव्हता. त्यांनी रजा काढली, पावसात केंद्र गाठले, रांग लावली, आणि त्यांचे मत मोजलेच गेले नाही. पदवीधरांनाही मत देता येत नाही अशी टर उडवणारे संदेश निकालानंतर फिरले होते, ते मला मुळीच पटले नाहीत. सहा वर्षांत एकदा वापरायची पद्धत, मध्ये लोकसभा, विधानसभा आणि महापालिकेसाठी बटण दाबण्याची सवय, आणि सूचना आहेत त्या भिंतीवर बारीक अक्षरांत लावलेल्या. मतदार चिठ्ठीसोबत भरलेल्या मतपत्रिकेचा एक नमुना, योग्य आणि अयोग्य अशा दोन्ही प्रकारचा, पाठवला तर यातली बरीच मते वाचतील. मतदान केंद्राच्या व्यवस्थेला मी चार गुण देते, पण मतदाराला पद्धत समजावण्याच्या कामाला एकच.

मतमोजणीबद्दल लिहिताना माझा सूर बदलतो, कारण तिथे ही यंत्रणा खरोखर आदर वाटावा असे काम करते. पेट्यांमधल्या मतपत्रिका आधी मोजून, मग एकत्र मिसळून त्यांचे सारखे गठ्ठे बांधले जातात. वैध आणि अवैध वेगळ्या केल्या जातात आणि वैध मतांच्या निम्म्यात एक मिळवून कोटा, म्हणजे जिंकण्यासाठी लागणारी मते, ठरतो. २०२४ मध्ये वैध मते १,३२,०७१ होती, त्यामुळे कोटा ६६,०३६ आला. डावखरे यांनी तो पहिल्या पसंतीतच ओलांडला आणि मोजणी तिथेच संपली. २०१८ सारखी तिरंगी लढत असेल आणि कोणालाच पहिल्या पसंतीत निम्म्याहून अधिक मते नसतील, तर सर्वांत मागच्या उमेदवारापासून एकेकाला बाद करत त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती उरलेल्यांना दिली जाते. हे काम किचकट आणि वेळखाऊ आहे, प्रतिनिधींचे आक्षेप दर फेरीला येतात, आणि रात्र उलटून जाते. तरीही टेबलावरचे कर्मचारी प्रत्येक गठ्ठा उलटून पाहतात. पाच जिल्ह्यांची मोजणी एकाच सभागृहात, सर्वांच्या डोळ्यांदेखत होते, याचे मोल मोठे आहे. येथे साडेचार गुण द्यायला माझी हरकत नाही.

अर्धा गुण कापला तो नोंदीसाठी. मतपत्रिका मिसळल्यामुळे कोणत्या केंद्राने किंवा जिल्ह्याने कसे मत दिले हे कधीच कळत नाही. केंद्रनिहाय आकडे उघड न होणे मतदाराच्या गुप्ततेसाठी चांगलेच आहे. एखाद्या महाविद्यालयातल्या छोट्या केंद्रावर कोणी कोणाला मत दिले याचा अंदाज बांधता येऊ नये. पण जिल्हानिहाय गोळा मोजणी केली तर गुप्ततेला धक्का लागत नाही, कारण सर्वांत लहान जिल्ह्यातही हजारो मतदार आहेत. आज ठाण्याच्या पदवीधरांनी रत्नागिरीच्या पदवीधरांहून वेगळा विचार केला का, या साध्या प्रश्नाला कोणत्याही निवडणुकीत उत्तर नाही. मतदानाच्या टक्केवारीपुरते जिल्हे दिसतात आणि निकाल लागला की सगळा कोकण एक होऊन जातो. ज्याला आपल्या मतदारसंघाचा इतिहास अभ्यासायचा आहे, त्याच्यासमोर हा एक बंद दरवाजा आहे.

शेजारच्या दोन जागांशी तुलना केली की आपल्या मतदारसंघाची जागा अधिक स्पष्ट होते. कोकण शिक्षक मतदारसंघात हेच पाच जिल्हे आहेत, पण मतदार माध्यमिक शाळांपासून वरचे शिक्षक, आणि अट अशी की मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेले असावे. रामनाथ मोते यांच्यानंतर २०१७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे बाळाराम पाटील तेथून आले आणि ३० जानेवारी २०२३ च्या मतदानात भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी त्यांना हरवले. म्हात्रे यांना २०,६८३ आणि पाटील यांना १०,९९७ मते मिळाली. तेथे मतदान नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले होते. पदवीधरांचे २०२४ मधले मतदान ६४ टक्क्यांच्या आसपास राहिले, आणि २०१८ मध्ये, जेव्हा यादी निम्म्याहून लहान होती, ते सत्तरीच्या पुढे होते. शिक्षक एकमेकांना शिक्षकखोलीत रोज भेटतात, अर्ज भरलास का, मत दिलेस का, हे विचारले जाते. पदवीधराला विचारणारे कोणीच नसते. दुसऱ्याच्या प्रयत्नाने यादीत आलेली नावे मतदानाच्या दिवशी घरी राहतात, असा मी या घसरणीचा अर्थ लावते.

दुसरी जागा ठाणे स्थानिक स्वराज्य संस्थांची, जिथे मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. तिथे २०१६ मध्ये शिवसेनेचे रवींद्र फाटक यांनी वसंत डावखरे यांचा पराभव केला. जून २०२२ मध्ये ती मुदत संपली, आणि महापालिकांच्या निवडणुकाच रखडल्यामुळे मत द्यायला मतदार उरले नाहीत, म्हणून जागा रिकामी राहिली. त्या मानाने पदवीधरांची निवडणूक दर सहा वर्षांनी होते हेच समाधान. २०२४ मध्ये ती १० जूनला ठरली होती. शाळांना सुट्टी असल्याने शिक्षक गावी असतील अशा मागण्या आल्या आणि आयोगाने ती पुढे ढकलून २६ जूनला घेतली. मतदारांचे ऐकून तारीख बदलणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे, तिचे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही. जुलैमध्ये मुदत संपत असल्याने कोकणात ही निवडणूक ऐन पावसात येते, याला मात्र इलाज नाही, निदान मतदान केंद्रे विधानसभेच्या मानाने कमी आणि दूर असतात तिथे एसटीची सोय तरी पाहावी. माणगाव किंवा मोखाड्याच्या मतदाराला ठाण्याच्या मतदारापेक्षा ही गोष्ट अधिक जाचते.

एकूण सेवेला मी पाचपैकी तीन गुण देते, आणि ते वाढावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही असे मला वाटते. आधीच्या यादीतल्या मतदाराकडून फक्त राहत्या पत्त्याची खातरजमा करून त्याचे नाव पुढे न्यावे, विवाहित स्त्रियांच्या नावबदलासाठी स्वयंघोषणा मान्य करावी आणि मतदार चिठ्ठीसोबत मतपत्रिकेचा नमुना पाठवावा. विद्यापीठांकडे पदवीधरांच्या नोंदी असतातच. पदवीदान समारंभातच नमुना १८ हातात ठेवला तर तीन वर्षांनी तो भरायचा आहे हे निदान त्या तरुणाला माहीत तरी राहील.

ज्यांना पुढच्या वेळी मत द्यायचे आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराचे चार शब्द. सध्याच्या पदवीधर आमदारांची मुदत जुलै २०३० मध्ये संपेल, त्यामुळे आतापर्यंतची पद्धत कायम राहिली तर यादीची सूचना २०२९ च्या ऑक्टोबरच्या सुमारास निघेल आणि अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२९ असेल. म्हणजे १ नोव्हेंबर २०२६ पूर्वी पदवी मिळालेले तरुण त्या यादीत येऊ शकतील. शिक्षकांची निवडणूक त्याआधी, २०२९ च्या सुरुवातीला येईल, त्यामुळे त्यांचा नमुना १९ भरण्याचा काळ २०२८ च्या दिवाळीच्या आसपास असेल. पदवी प्रमाणपत्र नसेल तर शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत चालते. ज्या बहिणींची पदवी माहेरच्या नावाची आहे त्यांनी विवाह नोंदणी आत्ताच करून ठेवावी. ठाणे महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात ती होते, आणि निवडणुकीच्या गर्दीत ऐन वेळी करण्यापेक्षा आज ते काम पुष्कळ सोपे आहे.